आनेकलच्या गच्चीचा कठडा

पाळक अभिराज चक्रनारायण नगरहून बेंगळुरूच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत आला तेव्हा त्याला कन्नडचे दोन शब्द येत होते, ‘स्वल्प’ आणि ‘सरी’. तीन वर्षं होत आली तरी शब्द तेवढेच होते. त्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं. मंडळी मराठी, उपासना मराठी, आठवड्यातून एकदा बोलावून जेवू घालणारी आत्या मराठी. रिक्षा थोडी पुढे घ्यायला सांगायची तर ‘स्वल्प’ म्हणायचं आणि पुढे घेतली की ‘सरी’ म्हणायचं, एवढ्यात त्याचा राज्याशी असलेला व्यवहार संपत असे.

इंदिरानगरातल्या एका जुन्या चर्चचा हॉल रविवारी दुपारी मोकळा असायचा. तिथे ही मंडळी भरे. निम्मी माणसं पुण्यामुंबईहून आयटीत आलेली, तरुण, दर रविवारी थोडी उशिरा येणारी. उरलेली कधीकाळी दवाखान्यांत, रेल्वेत नोकरीला येऊन इथेच राहिलेली, आणि तरुणांच्या उशिरा येण्याकडे मान वळवून बघणारी. अभिराजची सख्खी आत्या, श्यामला उजगरे, ही दुसऱ्यांपैकी. सगळी हयात तिने नर्स म्हणून काढली. नवरा गेल्यावर तिने आनेकलला, शहराच्या पार दक्षिण टोकाला, एक प्लॉट घेतला आणि त्यावर घर बांधायला काढलं.

त्या वर्षी अभिराजने प्रवचनांची एक मालिका धरली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी एक, विषय ‘नियमशास्त्राचं प्रयोजन’. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या कॉलेजात, त्याचा हाच विषय होता आणि त्यात त्याचा पहिला नंबर आला होता, हे मंडळीला अधूनमधून कळत असे. देवाने मोशेच्या हाती इस्राएल लोकांना नियम दिले. त्यात दहा आज्ञा आल्या, आणि त्यांच्यामागून शेकडो बारीकसारीक गोष्टी: काय खावं, दाढीची कड कशी ठेवावी, कुठले दोन धागे एका कापडात विणू नयेत. आता माणसाचं तारण जर ख्रिस्ताच्या कृपेने होतं, नियम पाळून होत नाही, तर मग एवढे नियम दिले कशाला?

पहिल्या प्रवचनात अभिराज म्हणाला, नियमशास्त्र हा आरसा आहे. तोंडाला काय लागलंय ते आरसा दाखवतो, पण आरशाने तोंड धुता येत नाही. हे सगळ्यांना पटलं. दुसऱ्या प्रवचनात तो म्हणाला, नियमशास्त्र म्हणजे लहान मुलाला हाताला धरून शाळेत पोहोचवणारा घरगडी. मूल मोठं झालं, आता गड्याला सुट्टी.

चहाच्या वेळी शंतनु म्हणून एक इंजिनियर होता, तो खूश होऊन म्हणाला, “पास्टर, म्हणजे डेप्रिकेटेड. कोड अजून आहे, पण नव्याने कुणी वापरायचा नाही.”

“अगदी तसंच,” अभिराज म्हणाला. त्याला शब्द आवडला.

श्यामलाआत्या बशीतून चहा पीत उभी होती. “कठडासुद्धा का रे, अभि?” तिने विचारलं.

“कुठला कठडा?”

“गच्चीचा. नवं घर बांधशील तेव्हा वर कठडा कर, नाहीतर कुणी पडून मेलं तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल. मोशेच्याच नियमांत आहे.”

आहे हे अभिराजलाही ठाऊक होतं. पण ते असं चहाच्या वेळी समोर येईल असं त्याला वाटलं नव्हतं. “आत्या, ते त्या काळच्या लोकांसाठी होतं,” तो म्हणाला. “त्यांची घरं सपाट छपराची असायची. माणसं वर बसायची, झोपायची.”

“माझंही छप्पर सपाटच आहे,” आत्या म्हणाली.

विषय तिथे थांबला असता, पण देवाप्पाने तो थांबू दिला नाही. देवाप्पा हा आत्याचा गवंडी. मूळचा निपाणीकडचा, त्यामुळे मराठी बोलायचा. आत्याला तो अक्का म्हणायचा आणि तिचं कुठलंच म्हणणं पहिल्या फटक्यात ऐकायचा नाही. स्लॅब ओतून झाला होता, आतला गिलावा झाला होता, बाहेरच्या बाजूने गच्चीवर जाणारा जिना झाला होता. कठड्याला मात्र तो नाही म्हणत होता. पुढेमागे वर खोल्या काढायच्या होत्या, म्हणून खांबांच्या सळया तशाच उभ्या ठेवलेल्या. आत्ता कठडा बांधला तर तेव्हा तो फोडावा लागणार. शेवटी आत्याने अभिराजला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“पाळकसाब, तुमीच सांगा,” देवाप्पाचा आवाज आला. “आपल्याच हातानं बांधायचं आन् आपल्याच हातानं पाडायचं, हे माझ्याकडनं व्हणार नाही. शास्त्रात हाय म्हणत्यात अक्का. हाय का?”

“आहे. पण आपल्यावर बंधनकारक नाही,” अभिराज म्हणाला. “आत्या, कठडा बांधून कुणाचं तारण होत नाही.”

“तारणाचं नाही रे विचारत. ते माझं झालंय,” आत्या म्हणाली. “मी कठड्याचं विचारतेय.”

“नाही बांधला तरी चालेल.”

“तू शिकलेला आहेस. तू म्हणतोस तर नाही बांधत,” आत्या म्हणाली आणि फोन ठेवला. अभिराजला बरं वाटायला हवं होतं. आत्याने एवढ्या सहजी ऐकल्याचं त्याच्या आठवणीत नव्हतं. त्याने तिसऱ्या प्रवचनाचे मुद्दे काढायला घेतले. तिसऱ्या प्रवचनाचा विषय होता, गडी गेल्यावर मुलाने काय करायचं. मुद्दे सुचत नव्हते.

घराची प्रार्थना फेब्रुवारीअखेरच्या एका शनिवारी ठरली. बेत असा होता की खाली प्रार्थना करायची आणि मग गच्चीवर मांडव घालून सगळ्यांनी वर जेवायचं. अभिराज सकाळी पोहोचला तेव्हा मांडव खाली रस्त्यावर घातलेला होता, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी, भिंतीपासून समोर रोवलेल्या एका सळईपर्यंत, कपडे वाळत घालायची निळी दोरी बांधलेली होती.

“हे काय?” त्याने विचारलं.

“कठडा नाही. वर कुणी जायचं नाही,” आत्या म्हणाली.

“आत्या, आपलं ठरलं होतं.”

“कठडा बांधायचा नाही हे ठरलं होतं. वर जायलाच पाहिजे, असं शास्त्रात आहे का?”

मंडळीचे वडील उल्हास रणपिसे सगळ्यात आधी आले. चर्चमध्ये वडील म्हणजे कारभार बघणारे, आणि उल्हासरावांना कारभार दिसला नाही तर चैन पडत नसे. त्यांनी दोरी बघितली, मांडव बघितला, आणि पाळकांकडे बघितलं. “पाळकसाहेब, आत्याबाईंना तुमचं दुसरं प्रवचन पटलेलं दिसत नाही,” ते म्हणाले.

पुढच्या तासाभरात जो येईल त्याने दोरीबद्दल विचारलं आणि आत्याने प्रत्येकाला तेच उत्तर दिलं. अभिराजने प्रार्थना केली, घर प्रभूच्या हाती सोपवलं, गीत झालं, पण त्याचं लक्ष दोरीवरून हलेना. आपलं शिक्षण त्या निळ्या गाठीला टांगून ठेवलंय आणि येणारी-जाणारी मंडळी ते बघून जातायत असं त्याला वाटत होतं. मटणाच्या रश्शाचे डेग उघडले, पानं वाढायला सुरुवात झाली, सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तेव्हा त्याने ठरवलं, आपण वर जायचं, गच्चीच्या मधोमध उभं राहायचं आणि वरून आवाज द्यायचा, या सगळे, इथे मस्त वारा आहे. कृपेखाली जगणारा माणूस कसा असतो हे मंडळीला दिसेल. त्याने दोरीखालून मान घातली आणि जिना चढून गेला.

गच्चीवर एक म्हातारी होती.

ती वाकून मिरच्या पसरत होती. ब्याडगी मिरचीचं अर्धं भरलेलं पोतं ती एका हाताने ओढत होती आणि दुसऱ्या हाताने लाल मिरच्यांचा थर लावत मागे मागे सरकत होती. निम्मी गच्ची तिने लाल केली होती. ही गंगव्वा, शेजारच्या पत्र्याच्या घरात राहणारी. तिचा मुलगा इथल्या कारखान्यात कामाला, म्हणून ती हावेरीकडून येऊन राहिली होती. अभिराजला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की म्हातारी मागे सरकतेय, आणि तिच्या मागे गच्ची दोन हात उरली आहे.

“आजी, थांबा!” तो ओरडला.

गंगव्वा थांबली नाही. तिला ऐकू कमी येत होतं. अभिराज धावत तिच्या पुढे झाला, म्हणजे मागे झाला, आणि गच्चीची कड आणि म्हातारी यांच्यामध्ये उभा राहिला. तिची पाठ त्याच्या पोटाला लागली तेव्हा ती वळली. एका डोळ्यात सायीसारखा मोतीबिंदू होता. तिने दुसऱ्या डोळ्याने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“येनप्पा?” ती म्हणाली. काय रे बाबा?

काय ते सांगायला त्याच्याकडे दोनच शब्द होते. मागे हात दाखवून तो म्हणाला, “स्वल्प!”

थोडं, असं ऐकल्यावर गंगव्वाने पोत्यात हात घालून त्याला मूठभर मिरच्या दिल्या. आपल्याकडे आलेल्या माणसाने थोडं मागितलं तर द्यावं, एवढाच तिचा विचार होता. मिरच्या हातात आल्यावर अभिराज घाईने म्हणाला, “सरी, सरी,” आणि तिला वाटलं, बरोबर चाललंय म्हणतोय. ती पुन्हा कामाला लागली, पाठमोरी, त्याच्या डाव्या बाजूला.

अभिराज डावीकडे सरकला. त्याने तिच्या कोपराला हात लावून बघितला, तर तिने पोतं सोडून त्याच्या हातावर चापट मारली. परक्या बाईला याहून जास्त धरणं पाळकाला शोभण्यासारखं नव्हतं. त्याने एकदा मागे वळून खाली बघितलं. त्या बाजूला देवाप्पाने उरलेल्या ग्रॅनाइटच्या फरश्या उभ्या करून ठेवल्या होत्या, धारदार कडा वर. त्याने पुन्हा बघितलं नाही. त्याने हात दोन्ही बाजूंना पसरले आणि ती सरकेल तसा तो कडेकडेने सरकू लागला. ती डावीकडे तर हा डावीकडे. ती उजवीकडे तर हा उजवीकडे. त्याच्या टाचा स्लॅबच्या कडेवर होत्या आणि एका मुठीत अजून मिरच्या होत्या, कारण त्या कुठे ठेवायच्या हे त्याला सुचलं नव्हतं.

मग मिरचीची खकाण नाकात गेली. पहिली शिंक आली तेव्हा त्याने गुडघे वाकवले आणि तो कसाबसा सावरला. दुसरी येणार हे कळत होतं. तिची वाट बघत उभं राहण्याइतकं वाईट त्याने आयुष्यात काही केलं नव्हतं. हाका मारायला त्याने तोंड उघडलं आणि दुसरी शिंक हाकेच्या जागी बाहेर पडली.

खाली मांडवाच्या कडेला बसलेल्या सुखदाला पहिल्यांदा दिसलं. ती शंतनुची बायको. तिने वर बघितलं तर पाळकसाहेब गच्चीच्या टोकावर, खाली पाठ करून, हात आडवे पसरून, पावलापावलाने इकडून तिकडे जात होते. म्हातारी वाकलेली असल्यामुळे खालून दिसत नव्हती.

“शंतनु, हे काय करतायत?” ती म्हणाली.

शंतनुने बघितलं. “लॉ आणि ग्रेसचं काहीतरी असणार,” तो म्हणाला. “डेमो देतायत.”

उल्हासराव म्हणाले की काही लोक चालत प्रार्थना करतात, त्यांनी बघितलेलं आहे, मात्र शिंकत केलेली बघितली नव्हती. दोघातिघांनी डोळे मिटून घेतले. श्यामलाआत्या भात वाढत होती. तिने वर बघितलं, भाताचं पातेलं जिथे होती तिथेच खाली ठेवलं, आणि त्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने दोरी ओलांडून जिना चढून गेली.

तिने काही बोलायच्या भानगडीत न पडता गंगव्वाला समोरून दोन्ही दंडांना धरलं आणि पलंगावरच्या पेशंटला फिरवावं तसं गोल फिरवून गच्चीच्या मध्यावर आणलं. मग तिच्या कानाशी जाऊन कन्नडमध्ये मोठ्याने विचारलं, इथे काय करतेस? गंगव्वाने सविस्तर सांगितलं. ते अभिराजला नंतर आत्याकडून कळलं. स्लॅब वाळल्यापासून ती रोजच येत होती, तिच्या पत्र्यावर काही वाळत घालता येत नव्हतं. आज कुणीतरी जिन्याला दोरी बांधली होती, ती तिने सगळे आत प्रार्थनेला असताना उचलून खालून वाट काढली. आणि हा मुलगा कोण ते माहीत नाही, मिरच्या मागायला आला आणि मग हलायलाच तयार नाही, याच्यापायी एवढी कड पसरायची राहून गेली.

अभिराज स्लॅबवर बसला होता.  आत्याही त्याच्या शेजारी बसली. गंगव्वाने दोघांकडे बघितलं आणि ती उरलेल्या मिरच्या पसरू लागली, या वेळी तोंड कडेकडे करून, कारण आत्याने तिला तसं बजावलं होतं.

“तुला माहीत होतं, ती रोज वर येते?” अभिराजने विचारलं.

“नाही,” आत्या म्हणाली. “मी दोरी पाहुण्यांसाठी बांधली होती.” तिने कडेला गेलेल्या दोन मिरच्या मागे ओढल्या. “माझ्या घरावर दोष येऊ नये एवढंच बघत होते मी. कुणाच्या रक्ताचा येईल, ते काही बघितलं नाही.”

“मी तर बांधूच नको म्हणालो.”

“हो. ते तू म्हणालास,” आत्या म्हणाली. त्याला बरं वाटावं म्हणून तिने काही जोडलं नाही. ती नर्स होती. दुखणाऱ्या जागेवर बोट ठेवून झालं की ती बोट काढून घ्यायची, पण जागा हीच म्हणून सांगायची. “चल, रस्सा निवतोय.”

खाली त्याने देवाप्पाला गाठलं. देवाप्पा दुसऱ्यांदा भात घेत होता.

“कठडा बांधायचा,” अभिराज म्हणाला.

“बंधन न्हाई म्हणाला हुता की.”

“चुकलो.”

“शास्त्र तेच हाय न्हवं? का बदललं?”

“शास्त्र तेच आहे. मी वर गेलो नव्हतो.”

देवाप्पाने भातावर रस्सा ओतून घेतला. “आन् वरच्या खोल्या काढताना?”

“तेव्हा फोडू. फोडायला मी स्वतः येईन.”

“तुमी नका येऊ, पाळकसाब,” देवाप्पा म्हणाला. “उंची किती घ्यायची? शास्त्रात हाय का?”

उंची शास्त्रात नव्हती. दोघं जेवण आटोपून पुन्हा वर गेले. देवाप्पाने गंगव्वाला मध्यावर उभं केलं आणि ती पोत्याला टेकून पुटपुटत असताना तिच्या छातीपर्यंतचं माप दोरीने घेतलं. दोरी आत्याचीच, निळी. जिन्यावर तिचा तसाही उपयोग झाला नव्हता.

मार्चच्या पहिल्या रविवारी अभिराज तिसऱ्या प्रवचनाला उभा राहिला तेव्हा हॉल नेहमीपेक्षा भरलेला होता. गच्चीवरच्या प्रकाराचा सुखदाने काढलेला व्हिडिओ सगळ्यांनी बघितला होता. त्याने कागद आणला नव्हता.

“गेल्या वेळी मी म्हणालो, मूल मोठं झालं, गड्याला सुट्टी,” तो म्हणाला. “हे खरं आहे. पण गडी मुलाला वाटेवर कुठेतरी सोडून घरी गेला नाही. त्याने ते बापाच्या स्वाधीन केलं. आता मूल बापाच्या घरात राहतं. त्या घरात तीच कामं असतात जी गडी कान धरून करवून घेत होता. फक्त आता कान कुणी धरत नाही. बापाला काय आवडतं हे हळूहळू कळत जातं, आणि शेजारी कोण राहतं तेही.” तो थांबला. पुढे काहीतरी म्हणायचं होतं असं वाटत होतं, पण ते नव्हतं. “मला हे सेमिनरीत शिकवलं होतं. पेपरात लिहिलंही होतं. आमेन.”

प्रवचन इतकं लवकर आटोपलं की चहाचं पाणी अजून उकळलं नव्हतं. उल्हासरावांनी वेळेच्या नियोजनाबद्दल नाराजी व्यक्त केली. शंतनु म्हणाला, “पास्टर, म्हणजे डेप्रिकेटेड नाही?”

“मला त्या शब्दाचा अर्थ नीट माहीत नव्हता,” अभिराज म्हणाला. शंतनुने त्याला तो समजावून सांगितला. अभिराजने पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाला, “नाही. तसं नाही.”

पुढच्या आठवड्यात तो आनेकलला गेला तेव्हा कठडा उभा होता. गिलावा ओला होता आणि देवाप्पा त्यावर पाणी मारत होता. गंगव्वा गच्चीवर होतीच, आणि ती रागावलेली होती. उन्हं कलली की कठड्याची सावली मिरच्यांवर पडते, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं. पश्चिमेकडची एक पट्टी सावलीत होती. तिथल्या मिरच्या सादळलेल्या दिसत होत्या.

“काय म्हणतेय?” अभिराजने विचारलं.

“हे कुणी बांधायला सांगितलं म्हणून विचारतेय,” आत्या म्हणाली. “मी तुझं नाव सांगितलं.”

गंगव्वा त्याच्याकडे एका डोळ्याने बघत होती. त्याने चपला काढल्या, सावलीतल्या मिरच्या दोन्ही हातांनी गोळा केल्या आणि उन्हाच्या बाजूला नेऊन पसरायला लागला. ती त्याच्या मागोमाग येऊन थर सारखा करत राहिली, कारण त्याला तो नीट लावता येत नव्हता. थोड्या वेळाने त्याला शिंका यायला लागल्या, आणि तो शिंकायला कठड्यापाशी जाऊन उभा राहिला.